इंजिन उतरवण्याआधी वायरिंगवाल्याला बोलवा

साचलेल्या पाण्यातून गाडी दामटली की हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरात शिरतं, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुसरं इंजिन घालायचा विषय निघतो. पाताळगंगेकाठच्या आपट्यापासून सावित्रीकाठच्या महाडपर्यंत आपल्या धंद्याला हे नवं नाही. जुलै 2021च्या पुरानंतर तर अशा कामांचा ढीग लागला होता. कुर्ल्याच्या बाजारातून इंजिन येतं, फिटर ते बसवतो, सेल्फ मारतो, आणि गाडी घेत नाही. मग वायरिंगवाल्याला फोन जातो. आमचा आक्षेप या क्रमालाच आहे.

कार्ब्युरेटरच्या मारुती 800ला इंजिनकडे मोजक्याच वायरी जात. आता इंजिन आणि त्याचा कॉम्प्युटर एकमेकांना ओळखत नसतील, तर लोखंड कितीही चांगलं असून उपयोग नाही.

फियाटचं 1.3 मल्टिजेट घ्या. हेच 1248 सीसीचं डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये डीडीआयएस, इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट आणि पुंटोमध्ये मल्टिजेट या नावाने आलं. मारुतीसाठी ते मानेसरला, टाटा-फियाटसाठी रांजणगावला बनायचं. त्यामुळे ‘एकच तर इंजिन आहे’ असं म्हणून व्हिस्टाचं इंजिन स्विफ्टसाठी उचललं जातं. पण ब्लॉक एक म्हणून कपलर, सेन्सर आणि कॉम्प्युटरमधलं प्रोग्रामिंग एक, असं धरता येत नाही. त्यात 75 पीएसच्या इंजिनाला साधा टर्बो, तर 90 पीएसच्याला व्हेरिएबल टर्बो. 90च्या कॉम्प्युटरला टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर सापडला नाही की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडीची ताकद पडते. इंजेक्टरवर कोड असेल तर तोही कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. दुसऱ्या गाडीचा कॉम्प्युटर जोडला तर इमोबिलायझर किल्ली ओळखत नाही.

म्हणून सौदा करण्याआधी जुन्या आणि नव्या इंजिनाचे कपलर शेजारी ठेवून पिनागणिक तपासा. गाडीचा मूळ हार्नेस आणि मूळ कॉम्प्युटर राहू द्या, आणि त्यांना चालेल असंच इंजिन शोधा. न जुळणारा सेन्सर जुन्या इंजिनावरून काढून नव्यावर चढवता येत असेल, तर तो चढवा. हार्नेस कापून टेप गुंडाळणं ही शेवटची वाट. कॉम्प्युटरच्या वायरींना टेस्ट लॅम्प कधीच लावू नका. बल्ब जेवढा करंट ओढतो, तेवढ्याने आतला ड्रायव्हर जळू शकतो.

स्कॅनर बोलत नसेल तर बॅटरीची काळी केबल काढा आणि ओबीडी सॉकेटच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये मल्टिमीटर लावा. कॅन लाईनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून 60च्या आसपास आकडा यायला हवा. 120 आले तर एक टोक सुटलेलं आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. (गेटवे असलेल्या नव्या गाड्यांत हे माप त्या सॉकेटवर मिळेलच असं नाही.) आणि अर्थ! सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून ब्लॉकपर्यंत 0.2 व्होल्टच्या वर ड्रॉप दिसला, तर कोडच्या मागे धावण्याआधी पट्टी काढून घासा. गंजलेल्या अर्थपायी चांगले सेन्सर बदलले जातात आणि ते पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात, याची आम्हाला खरोखर चीड आहे.

कागदांचंही तसंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते आणि नवा क्रमांक आरसीवर चढवावा लागतो. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ नोंदींशी विसंगत बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये स्पष्ट केलं आहे. एमएच-46ची गाडी असेल तर इंजिनाची बिलं आणि क्रमांक घेऊन आधी पनवेलला चौकशी करा. दुसऱ्याच जातीचं इंजिन घालून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तिथेच नाही म्हणा.

एस्टिमेटमध्ये वायरिंगच्या तपासणीची मजुरी वेगळी लिहा, आणि ती इंजिन विकत घेण्याच्या आधीची म्हणून लिहा. इंजिन जुळत नाही असं निघालं, तरी ती मजुरी वायरिंगवाल्याला मिळालीच पाहिजे.