बारीक म्हणजे निरोगी?



नालासोपारा-विरारच्या वस्त्यांमध्ये आरोग्याच्या बैठका घेताना एक वाक्य हमखास कानावर येतं : “मी कुठे जाडी आहे? मला कसली साखर होणार!” आणि जी अंगाने भरलेली, तिला ऐकवलं जातं, “जिभेवर ताबा ठेव.” एकीची तपासणी होत नाही, दुसरीच्या वाट्याला नुसता उपदेश. दोन्हींच्या मुळाशी समज एकच : चरबी म्हणजे आळसाचं गाठोडं.

विज्ञान मात्र वेगळं सांगतं. चरबी हा शरीराचा बोलता अवयव आहे. चरबीच्या पेशी रक्तात लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात, हे १९९४ साली कळलं. साठा किती आहे याचा निरोप लेप्टिन मेंदूला देतं, तसाच रोगप्रतिकारक पेशींनाही. उपासमारीत ते घटतं आणि त्या पेशी दुबळ्या होतात. उलट पोटात चरबी फार साचली, की तिथे याच पेशी गोळा होतात आणि जंतू नसतानाही मंद दाह धुमसत राहतो. त्यातून इन्सुलिनच्या कामात अडथळा येतो, साखर वाढते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. इंग्लंडमधल्या बाळांहून इथली बाळं बरीच हलकी, स्नायूंनी कमी. चरबी मात्र त्या मानाने टिकून! म्हणजे बारीक दिसणाऱ्या शरीरातही धोका जन्मापासून असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) पाहा : उंची-वजनाच्या मापाने देशातल्या २४ टक्के बाया जाड ठरतात, पण कंबर-नितंबांच्या मापाने ५६.७ टक्के बाया धोक्यात येतात. त्याच पाहणीत ५७ टक्के बायांना रक्तक्षय आहे.

इथे सावध राहायला हवं. “आईने गरोदरपणी नीट खाल्लं नाही,” असं म्हणत हाही दोष बाईच्याच माथी मारला जाईल. पण तिच्या ताटात काय पडतं, ते ठरवतं कोण? पहाटे उठून पाणी भरायचं, डबे करायचे, गर्दीच्या लोकलमध्ये लोंबकळायचं आणि रात्री सर्वांच्या शेवटी उरलंसुरलं खायचं. ही काही तिने हौसेने निवडलेली जीवनशैली नव्हे! अर्धपोटी वाढलेली मुलगी पुढे आई होते, तेव्हा घराने आणि समाजाने तिच्याशी केलेला दुजाभाव तिच्या बाळाच्या शरीरातही उतरतो.

म्हणून आपली मागणी साधी आहे. आरोग्य केंद्रात नुसता वजनकाटा नको. प्रत्येकीची कंबर मोजा. ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर साखर तपासा, मग ती बारीक का दिसेना. आणि घराघरांत मुलीचं ताट मुलाच्या बरोबरीने, त्याच वेळी वाढलं जाऊ दे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने शिवणाची टेप घेऊन यावं. सुरुवात आपणच करू या.