ओसाड भूमीचे राखणदार

एकट्याने प्रवास करणाऱ्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. वडीलधाऱ्यांना तो अविचारी वाटतो, तरुणांना वीरपुरुष. त्यातून तो वाळवंटात गेला असेल तर विचारूच नका. "तिथे बघण्यासारखे आहे तरी काय?" असे एक विचारतो आणि "काय धाडस!" असे दुसरा म्हणतो. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील वाळवंटी उद्यानांतून मी मोटारीने एकटा नऊ दिवस हिंडलो. त्यानंतर माझे मत असे झाले आहे की हे दोघेही चुकतात. ज्याला आपण ओसाड म्हणतो ती भूमी भरलेली असते, आणि तिथे एकटा हिंडणारा माणूस पुष्कळांच्या खांद्यावर बसून हिंडत असतो.

लास व्हेगासहून पश्चिमेकडे निघाले की सुमारे दोन तासांत डेथ व्हॅली, म्हणजे मृत्यूची दरी, लागते. उद्यानाचा विस्तार सुमारे ३४ लाख एकर. त्यातील बॅडवॉटर हे ठिकाण समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली आहे, आणि तिथे उभे राहून पश्चिमेला मान वर केली की ११,०४९ फूट उंचीचे टेलिस्कोप शिखर बर्फ पांघरून उभे दिसते. १० जुलै १९१३ रोजी इथल्या फर्नेस क्रीक येथे १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले; जगातील अधिकृत उच्चांक म्हणून आजही तीच नोंद धरली जाते. वर्षाचा सरासरी पाऊस दोन इंच. बेळगावात जुलैतल्या एका दिवसात तेवढा पाऊस पडून जातो आणि आपण छत्री झटकून कामाला लागतो.

अशा ठिकाणी २० ऑगस्ट २०२३ या एका दिवसात २.२ इंच पाऊस कोसळला. हिलरी नावाच्या चक्रीवादळाचा तो शेवटचा फटकारा होता. रस्ते वाहून गेले, उद्यान जवळजवळ दोन महिने बंद राहिले. मी पोहोचलो तेव्हा बॅडवॉटरच्या मिठाच्या सपाटीवर दूरवर पाणी पसरले होते. हजारो वर्षांपूर्वी या दरीत एक प्रचंड सरोवर होते. त्याला मॅन्ली असे नाव दिलेले आहे, आणि या उथळ पाण्यालाही लोक त्याच नावाने ओळखत होते. पहाटे घोट्याएवढ्या पाण्यात मी उभा राहिलो. समोरचे शिखर पाण्यात उलटे उतरले होते आणि माझ्या श्वासाखेरीज आवाज नव्हता. पण मनात विचार आला तो रस्त्याचा. काही महिन्यांपूर्वी वाहून गेलेला हा रस्ता कोणी तरी दगडमाती उपसून, डांबर घालून पुन्हा उभा केला होता, म्हणून मी तिथे होतो. या उद्यानाला फाटकही नाही. प्रवेशशुल्क, मी गेलो तेव्हा मोटारीमागे तीस डॉलर, आपणहून भरायचे असते. न भरता पुढे जाणाऱ्याला वाटेत कोणी हात आडवा करीत नाही.

एडवर्ड ॲबी या अमेरिकन लेखकाला माझे मोटारीने हिंडणे मुळीच रुचले नसते. १९५० च्या दशकात युटा राज्यातील आर्चेस येथे त्याने हंगामी रेंजर म्हणून काम केले आणि १९६८ साली 'डेझर्ट सॉलिटेअर' हे पुस्तक लिहिले. राष्ट्रीय उद्यानांत मोटारींना मज्जाव करावा, माणसांनी पायी, सायकलने किंवा घोड्यावरून जावे, असा त्याचा आग्रह होता. त्यात तथ्य आहे. युटामधल्याच झायन दरीत २००० सालापासून गर्दीच्या हंगामात खासगी मोटारींऐवजी बसगाड्या चालतात. पण लाखो एकरांच्या निर्जळ प्रदेशात पायी हिंडणे मूठभर धडधाकट लोकांनाच जमेल. शिवाय ॲबीला पगार सरकारचा होता आणि राहायला चाकांवरचे घरही सरकारचेच होते. एकांताचा एवढा मोठा कैवारी, पण त्याच्या एकांताचा खर्चही सार्वजनिक तिजोरीतूनच निघत होता!

सार्वजनिक राखण म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर नेवाडा राज्यात डेव्हिल्स होल येथे थांबावे. डेथ व्हॅली उद्यानाचाच हा सुटा तुकडा. खडकातल्या कपारीत कोमट पाण्याचा एक खोल डोह आहे. त्यात जेमतेम एक इंच लांबीचा निळसर पपफिश राहतो. सबंध जगात निसर्गतः तो या एकाच डोहात आढळतो. पाण्याच्या काठाशी बुडालेली एक उथळ शिळा आहे. तिच्यावर तो अन्न शोधतो आणि अंडी घालतो. १९६८ नंतर जवळच्या एका मोठ्या शेतमळ्याने विहिरींतून भरमसाट उपसा सुरू केला तशी डोहाची पातळी उतरली आणि शिळा उघडी पडू लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. माशाला जगण्यापुरते पाणी राहिलेच पाहिजे आणि त्यासाठी उपसा आवरला पाहिजे, असा निकाल १९७६ साली न्यायालयाने एकमताने दिला. २०१३ च्या वसंतात हे मासे मोजले तेव्हा अवघे ३५ भरले. २०२४ च्या वसंतात ते १९१ होते, आणि भूकंपाच्या हादऱ्यांनी डोह ढवळून निघाल्यावर २०२५ मध्ये पुन्हा ३८ वर आले. कुंपणाबाहेरच्या मचाणावरून मी खाली पाहिले. मासा काही मला दिसला नाही. दिसण्याची गरजही वाटली नाही.

तेथून दक्षिणेला, मोहावे वाळवंट ओलांडून, मी जोशुआ ट्री उद्यानात गेलो. हात वर करून उभ्या असलेल्या माणसांसारखी दिसणारी ही काटेरी झाडे एका लहानशा पतंगाच्या आधाराने टिकली आहेत. यक्का पतंगाची मादी फुलांत परागकण भरते, तिथेच अंडी घालते, आणि थोड्या बियांवर तिच्या अळ्या पोसतात. मोटारींचा सुळसुळाट झाल्यावर लोक इथली निवडुंगे आणि झाडे बागांसाठी उपटून नेऊ लागले. मिनर्व्हा हॉइट या पॅसाडेनाच्या बाईंनी वाळवंटातील वनस्पतींची प्रदर्शने न्यूयॉर्क, बॉस्टन आणि लंडनपर्यंत नेली आणि सरकारदरबारी वर्षानुवर्षे चिकाटी धरली. १९३६ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ही भूमी राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवली. १९५० साली खाणींसाठी तिच्यातून सुमारे २ लाख ८९ हजार एकर काढून घेण्यात आले. पुढे १९९४ च्या कायद्याने तिला आणि डेथ व्हॅलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. राखण एकदा करून भागत नाही, हे या इतिहासावरून दिसते.

डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात अमेरिकेचे केंद्र सरकार अंदाजपत्रकाच्या वादात ३५ दिवस बंद पडले. जोशुआ ट्री उद्यान उघडे राहिले, पण बहुतेक कर्मचारी घरी होते. काहींनी गाड्या रानात घातल्या, वाट काढण्यासाठी झाडेही तोडली. त्याच दिवसांत जवळपासचे रहिवासी आपणहून येऊन शौचालये साफ करीत होते, कचरा उचलीत होते. बिनपहाऱ्याचे स्वातंत्र्य दोन्ही प्रकारच्या माणसांना मिळाले होते. त्याचे काय करायचे ते ज्याने त्याने ठरवले.

मात्र राखणदाराच्या हातूनही अन्याय घडतो, हे सांगितले पाहिजे. डेथ व्हॅलीत टिंबिशा शोशोनी लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले होते. १९३३ साली ती भूमी राष्ट्रीय स्मारक झाली तेव्हा आपल्याच घरात ते उपरे ठरले. २००० साली कायदा होऊन त्यांना ७,७५४ एकर जमीन परत मिळाली. नकाशावर 'ओसाड' लिहिणाऱ्याला तिथली माणसेही दिसत नाहीत, हा या शब्दाचा सर्वांत मोठा दोष.

हा दोष आपल्यातही आहे. पडीक जमिनींच्या आपल्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात वाळूचे प्रदेश आणि खुरट्या झुडपांचे माळ मोडतात. माळढोक हा पक्षी अशाच माळांवर जगतो. त्याच्या नावातच माळ आहे. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले, पण आज तिथे तो क्वचितच दृष्टीस पडतो. जे थोडे माळढोक उरले आहेत त्यांतले बहुतेक राजस्थानच्या वाळवंटात, जैसलमेरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात आणि त्याच्या आसपास आहेत. तिथे विजेच्या तारांवर आदळून ते मरतात. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या तारा शक्य तिथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये सौरऊर्जेची गरज लक्षात घेऊन तो बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. वीज आपल्या सर्वांना हवी आहे, हे खरे. पण ज्या जमिनीला आपण आधीच निरुपयोगी ठरवले, तिच्या बाजूने वाद घालायला कोणी उभे राहत नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून एकट्याने हिंडू पाहणाऱ्या विद्यार्थी मित्रांना माझे सांगणे आहे की जरूर जा. वाळवंटात जाल तर दिवसाला माणशी चार लिटर पाणी बरोबर घ्या, कुठे जाणार ते कोणाला तरी सांगून ठेवा, कारण तिथे मोबाईल बहुधा मुका असतो. शुल्क आपणहून भरा. पायवाट सोडू नका. एकट्याला विचारणारे कोणी नसते, म्हणून ज्याने त्याने स्वतःलाच विचारायचे असते. आणि परत आल्यावर आपल्या गावाबाहेरच्या माळावर एकदा चक्कर मारा. त्याला पडीक म्हणण्यापूर्वी तिथे कोण राहते, हे पाहून या.