बंदिवानाचा ठावठिकाणा

१५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री अमेरिकेचे एक लष्करी विमान अमृतसरच्या विमानतळावर उतरले. त्यातून ११६ भारतीयांना मायदेशी परत पाठविण्यात आले होते. बहुसंख्य पंजाब-हरियाणाचे, पण त्यांत दोघे गोव्याचे आणि दोघे महाराष्ट्राचेही होते. त्याच्या दहा दिवस आधी, ५ फेब्रुवारीस, अशाच एका विमानातून १०४ जण आले होते. हातांतील बेड्या आणि पायांतील साखळ्या यांविषयी तेव्हा देशभर संताप व्यक्त झाला, संसदेत गदारोळ झाला, आणि तो योग्यच होता. परंतु बेड्यांच्या त्या चर्चेत दुसरा एक प्रश्न मागे पडला. ही माणसे विमानात बसविली जाण्यापूर्वी कोणत्या गावच्या, कोणत्या कोठडीत होती, आणि ते त्यांच्या घरच्यांना कोणी कळविले होते काय?

हा प्रश्न गोमंतकीय वाचकाला नवा नाही. १९४६ साली त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि समुद्रापलीकडे, पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात नेऊन कोंडले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे यांच्याही वाट्याला तोच किल्ला आला. आग्वादच्या तटाशी उभे राहून निदान ‘आपला माणूस या भिंतीआड आहे’ एवढे म्हणता येत होते. पेनिशच्या बाबतीत तेही समाधान नव्हते. मोहन रानडे १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, आणि सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटली, तरी मुक्तीसाठी लढलेला हा शिक्षक लिस्बनजवळच्या तुरुंगातच होता. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांच्यासारख्या कलावंताला वर्षानुवर्षे खटपट करावी लागली. बंदिवानाला घरापासून दूर नेणे आणि त्याचा पत्ता धूसर ठेवणे, हे जुलमी सत्तेचे जुने हत्यार आहे, हे आम्ही पुस्तकातून शिकलेलो नाही.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे, असे कोणी म्हणेल. आणि एका अर्थाने ते खरेही आहे. कोण तुरुंगात आहे हे तेथे गुपित मानले जात नाही. अटक हे सरकारचे कृत्य आहे, म्हणून ते जनतेला पाहता आले पाहिजे, अशी तेथील परंपरा आहे. मात्र दप्तर खुले असले तरी ते एका ठिकाणी नाही. साऱ्या देशातील बंदिवानांची एकच नोंदवही तेथे कोणी ठेवीत नाही. त्यामुळे कोणते दार ठोठवावे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला हजार उघडी दारेही बंद असल्यासारखीच.

ही रचना थोडक्यात समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडील जिल्ह्यासारखा तेथील घटक म्हणजे काउंटी. देशभरात अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. एकट्या टेक्ससमध्ये २५४. लुईझियाना राज्यात त्यांनाच ‘पॅरिश’ म्हणतात. नुकताच पकडलेला माणूस, ज्याचा खटला चालू आहे असा कच्चा कैदी, आणि साधारणपणे वर्षभरापर्यंतची शिक्षा झालेला कैदी काउंटीच्या तुरुंगात असतो. तो तुरुंग बहुधा लोकांनी निवडून दिलेल्या शेरीफच्या ताब्यात असतो. त्याहून दीर्घ शिक्षा झालेला कैदी राज्याच्या कारागृह खात्याकडे जातो. कनेक्टिकट, डेलावेअर, ऱ्होड आयलंड, व्हरमाँट, हवाई व अलास्का या सहा राज्यांत मात्र दोन्ही प्रकारचे तुरुंग बहुतांशी राज्यच चालविते. संघराज्याच्या कायद्याखाली शिक्षा झालेल्यांसाठी केंद्रीय कारागृह खाते निराळे. त्याच्या शोधयादीत १९८२ पासूनच्या कैद्यांची नावे मिळतात. आणि चौथे दप्तर इमिग्रेशन खात्याचे. परक्या नागरिकाला देशाबाहेर घालविण्यासाठी जे डांबून ठेवतात, त्यांची नोंद या खात्याकडे असते. त्यांना शोधण्यासाठी २०१० पासून खात्याने संकेतस्थळावर सोय केली आहे. गोंधळात भर म्हणजे, हेच खाते अनेक काउंट्यांच्या तुरुंगांत करार करून आपले बंदी ठेवते. म्हणजे माणूस शेरीफच्या कोठडीत, पण त्याची नोंद मात्र दुसऱ्याच खात्यात, असे घडू शकते.

यास्तव शोध घेणाऱ्याने क्रम सोडू नये. अटक ज्या गावी झाली ते गाव कोणत्या काउंटीत येते हे प्रथम काढावे. त्या शेरीफच्या कार्यालयाची कैद्यांची यादी बहुतेक ठिकाणी संकेतस्थळावर असते. दाखल केल्याची तारीख, आरोप, जामिनाची रक्कम हे तपशील तीत मिळतात. नसेल तर दूरध्वनी करावा. तेथे नाव नसल्यास शेजारच्या काउंट्या, मग राज्याचे कारागृह खाते, मग केंद्रीय खाते, आणि परदेशी नागरिक असल्यास इमिग्रेशन खाते सुरुवातीपासूनच पाहावे. अनेक काउंट्यांच्या यादीत केवळ आज आत असलेल्यांचीच नावे असतात. काल होते ते नाव आज दिसेनासे झाले, तर सुटकाच झाली असे समजू नये. बदलीही झालेली असू शकते. जे जे दिसेल ते तारखेसह लिहून ठेवावे. आणि ‘तुमचा मुलगा अटकेत आहे, जामिनाचे पैसे ताबडतोब पाठवा’ असा निनावी निरोप आला, तर आधी याद्या तपासाव्या, पैशांचे मागाहून पाहावे.

खरी अडचण येते ती नावाची. इमिग्रेशन खात्याच्या यादीत नावाने शोधायचे तर स्पेलिंग अक्षरशः जुळावे लागते, आणि जन्मदेशही सांगावा लागतो. आपल्याकडे माणसाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी रीत. परक्या कारकुनाच्या हातून वडिलांचे नाव कधी गळते, कधी तेच आडनाव होऊन बसते. गोव्यात तर पोर्तुगीज अमदानीने कामतांचे ‘कामोतिम’ आणि परबांचे ‘पोरोबो’ केले. एकाच घरातील दोघा भावांच्या दाखल्यांवर आडनावाची दोन रूपे सापडतात. म्हणून पासपोर्टवर जे लिहिले आहे तेच प्रमाण धरावे, आणि ते न सापडल्यास नावांची उलटापालट करून पाहावे. इमिग्रेशन खात्याने दिलेला, ‘ए’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक हाती असेल तर स्पेलिंगचा हा घोळच टळतो. अठरा वर्षांखालील मुलांची नावे मात्र या यादीत मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

गोमंतकीयांसाठी आणखी एक पेच आहे. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांपैकी आणि त्यांच्या वंशजांपैकी अनेकांनी लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले आहे. असा माणूस अमेरिकेत पकडला गेला, तर त्याचा जन्मदेश भारत, पण त्याचे राष्ट्र पोर्तुगाल. यादीत शोधायचे ते भारत हा जन्मदेश सांगून, आणि मदत मागायची ती मात्र पोर्तुगालच्या वकिलातीकडे. कारण परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते. हा भेद ठाऊक नसल्यामुळे पहिले चार मोलाचे दिवस चुकीच्या दारात जाऊ शकतात.

‘आज ना उद्या कळेलच, एवढी घाई कशाला?’ असे विचारणाऱ्यास कायदा उत्तर देतो. बेकायदा डांबलेल्या माणसाला सोडविण्याचे शेवटचे शस्त्र म्हणजे बंदी-प्रत्यक्षीकरणाचा अर्ज, ज्याला हेबियस कॉर्पस म्हणतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली पाडिया प्रकरणात असे ठरविले की, हा अर्ज सर्वसाधारणपणे बंदी जेथे आहे त्याच विभागाच्या न्यायालयात केला पाहिजे. म्हणजेच ठिकाण माहीत नसेल तर न्यायालय माहीत नाही, आणि न्यायालय माहीत नसेल तर हक्क कागदावर. बंदी न्यू जर्सीत पकडला जावा आणि दोन दिवसांत लुईझियानात किंवा टेक्ससमध्ये हलविला जावा, की वकिलाने तयार केलेला अर्ज भलत्याच दारी पडण्याचा धोका आहे. पत्ता हा येथे केवळ आईच्या समाधानाचा विषय उरत नाही; तो स्वातंत्र्याचाच भाग होतो.

हे भय काल्पनिक नाही, हे १५ मार्च २०२५ रोजी दिसून आले. त्या दिवशी दोनशेहून अधिक व्हेनेझुएलन लोकांना अमेरिकेने विमानांत घालून एल साल्वादोरच्या तुरुंगात पाठविले. इमिग्रेशन खात्याच्या यादीतून त्यांची नावे नाहीशी झाली. सरकारने नावे प्रसिद्ध केली नाहीत. ती एका वृत्तसंस्थेने मिळवून छापली. मुंडण केलेल्या कैद्यांच्या चित्रफितीत कित्येक आयांनी आपली मुले ओळखली. ते लोक त्याच वर्षीच्या जुलैत व्हेनेझुएलात परतले खरे. परंतु जगातील सर्वांत खुल्या म्हणविणाऱ्या दप्तरातूनही माणूस एका रात्रीत पुसला जाऊ शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. पेनिशला ज्यांनी आपली माणसे गमावली, त्या भूमीतील वृत्तपत्राने यावर मौन पाळणे बरे नव्हे.

न्यायासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या खुल्या याद्यांनी लोकांचे हितही केले आहे. केंटकीतील लुईव्हिल येथे १९९३ साली एका तरुणीचा तिच्या पूर्वीच्या मित्राने खून केला. तो तुरुंगातून सुटल्याचे तिला कोणी कळविलेच नव्हते. त्या दुःखातून दुसऱ्याच वर्षी, कैदी सुटताच पीडितांना कळविणारी यंत्रणा तेथे उभी राहिली आणि पुढे देशभर पसरली. उलटपक्षी, याच याद्यांतील अटकेची छायाचित्रे उचलून ती छापणारे, आणि काढून टाकण्यासाठी पैसे मागणारे व्यापारीही तेथे निपजले. २०१३ पासून अनेक राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. यादी आप्तांना शोध लागावा म्हणून असावी, बाजारात अब्रू मांडण्यासाठी नव्हे.

परक्याचे दोष दाखविताना आपले अंगण झाडलेले असावे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात अटकेची माहिती आप्तांना देण्याचे बंधन पोलिसांवर घातले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७ व्या कलमानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात, अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ठळकपणे लावले पाहिजे, आणि त्यासाठी एक अधिकारी नेमलेला असला पाहिजे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती आणि त्यांतील दर चारांपैकी तीन कच्चे कैदी होते. म्हणजे हा फलक बहुतांशी अशांसाठी आहे, ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हायचा आहे. वाचकांनी आपल्या गावच्या ठाण्यात जाऊन तो फलक पाहावा आणि नसल्यास विचारावा.

आता प्रश्न सरकारने काय करावे याचा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार, पकडलेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीस कळविण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क त्याला विनाविलंब सांगणे हे पकडणाऱ्यांचे कर्तव्य आहे. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी याच कलमाचा भंग केल्याबद्दल पाकिस्तानला दोषी धरले. त्या पाकिस्तानशीही आपला २००८ चा करार आहे, आणि त्यानुसार दर १ जानेवारीस व १ जुलैस दोन्ही देश परस्परांच्या ताब्यातील कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. तीन युद्धे लढलेली राष्ट्रे जर वर्षातून दोनदा नावे मोजून देऊ शकतात, तर मैत्रीच्या आणाभाका घेणाऱ्या अमेरिकेकडे तशीच यादी मागण्यास दिल्लीला संकोच का वाटावा? गोवा सरकारच्या अनिवासी भारतीय आयुक्तालयानेही, माणूस हरवला तर कोणते दप्तर कोठे पाहावे, भारतीय पासपोर्ट असल्यास काय करावे आणि पोर्तुगीज असल्यास काय, हे मराठी-कोंकणीत छापून गावोगावच्या पंचायतींत ठेवावे. त्यास फार खर्च येणार नाही.

तोवर परदेशी निघालेल्या मुलाच्या पासपोर्टची एक प्रत आणि त्याचा तेथील पत्ता आईवडिलांनी घरी ठेवावा. अपराध केला असेल त्याला शिक्षा होऊ द्या; त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ज्या सरकारने माणूस उचलला, तो कोठे ठेवला हे त्याच्या घरच्यांना त्या सरकारनेच सांगितले पाहिजे. ते शोधून काढण्याची पाळी आईवर येऊ नये.