श्यामला टेकडीवरच्या चित्रांसाठी चला

कोटरा सुल्तानाबादमधल्या मराठी मंडळींना एक कळकळीची विनंती आहे. आपल्या वस्तीपासून जवळच श्यामला टेकडीवर मानव संग्रहालय आहे. पाहुणे आले की आपण त्यांना तिथली आदिवासी घरं दाखवतो, मोठ्या तलावाकडे बघत फोटो काढतो आणि परततो. त्याच २०० एकरांच्या आवारात चित्रित शैलाश्रयही आहेत. तिकडे आपली पावलं क्वचितच वळतात.

भोपाळच्या आसपासच्या टेकड्यांत अशी चित्रं अजून उघड्यावर आहेत. वालुकाश्मावर गेरूचा पातळ थर, बस्स. रंग उठून दिसावा म्हणून कुणी त्यावर पाणी मारतं. ते सुकताना दगडातले क्षार वर येतात आणि चित्रावर पांढुरका पापुद्रा धरतो. कुणी आपलं नाव कोरतं, कुणी आडोशाला चूल पेटवतं. हजारो वर्षं टिकलेलं हरिण असं एका दुपारी जातं, ते कायमचं.

कुंपण आणि पहारेकरी हवेतच, पण ज्याला चित्र कळलं तो त्यावर पाणी मारणार नाही, दुसऱ्यालाही मारू देणार नाही. नीमचला जन्मलेले आपले पुरातत्त्वज्ञ हरिभाऊ वाकणकर १९५७ साली आगगाडीतून भीमबेटकाचे खडक दिसताच उतरून पायी जंगलात शिरले आणि त्यांनी तिथले चित्रित शैलाश्रय शोधले, हे आपण अभिमानाने सांगतो. २००३ साली भीमबेटका जागतिक वारसा ठरलं. मला मात्र वाकणकरांची कामाची रीत अधिक मोलाची वाटते. ते स्वतः चित्रकार होते. शैलाश्रयात बसून चित्रं हाताने उतरवून घेत.

मुलांनाही तसंच बसवू या. शिकारीचं दृश्य कागदावर काढू द्या. एका आकृतीवर दुसरी चढलेली दिसली की विचारा, आधीची कोणती? खालची, हे पोरगं आपणच शोधून काढतं, आणि पुरातत्त्वाचा पहिला धडा तिथेच होतो.

निवृत्त शिक्षकांनो, महिन्यातला एक रविवार द्या. गणेशोत्सवात एक संध्याकाळ वाकणकरांच्या कामासाठी ठेवा. मराठीतून शैलाश्रय दाखवणारी फेरी सुरू करा, असं संग्रहालयाला मिळून पत्र लिहू या. कुठे नवा ओरखडा दिसला तर फोटो काढून लगेच कार्यालयात कळवा.

सुरुवात याच रविवारी करू. मुलांबरोबर वही-पेन्सिल द्या. पाण्याची बाटलीही द्या, फक्त पिण्यासाठी.