ग्राफ काढून फ्रीज थंड होत नाही

सध्या आपल्या आयटीवाल्यांना खाण्यापिण्याच्या धंद्याचा भारी पुळका आलाय. ज्याला त्याला कुणाच्या तरी कोल्ड रूममध्ये सेन्सर लावायचाय. फ्रीजमध्ये सेन्सर, गोदामात सेन्सर, टेम्पोत सेन्सर, सगळा डेटा क्लाऊडवर आणि मालकाच्या मोबाईलवर डॅशबोर्ड. हिरवं म्हणजे छान, लाल म्हणजे लोचा. झालं, अन्न सुरक्षित!

माझं स्पष्ट मत आहे की यातल्या बहुतेक सिस्टिम्स अन्नासाठी नसतातच, त्या ऑडिटरसाठी असतात.

माझा एक मित्र भोसरीत सेंट्रल किचन चालवतो, कंपन्यांच्या कँटीनना जेवण पुरवतो. त्याला आलेलं एक कोटेशन त्याने मला वाचायला दिलं. बावीस पानं. 'एआय' हा शब्द अकरा वेळा (मोजले!). आणि तापमान चढलं तर कुणी काय करायचं, यावर अख्ख्या बाडात एकच वाक्य: संबंधितांना अलर्ट पाठवला जाईल. आता हे 'संबंधित' कोण? रात्री तीन वाजता किचनमध्ये असतात दोन हेल्पर आणि एक सुपरवायझर. अलर्ट जाणार मालकाला, आणि मालक घोरतोय.

हॅसप नावाची पद्धत अन्नधंद्यातल्या सगळ्यांना निदान ऐकून तरी माहीत असते. अंतराळवीरांचं जेवण निर्धोक असावं म्हणून पिल्सबरी कंपनी, नासा आणि अमेरिकी लष्कराची नॅटिकची प्रयोगशाळा यांनी १९६० च्या दशकात तिचा पाया घातला. तिची आज सात तत्त्वं मानतात. चौथं देखरेख, पाचवं म्हणजे मर्यादा ओलांडली तर काय करायचं, आणि सातवं नोंदी ठेवणं. आपली सॉफ्टवेअर मंडळी चौथ्यावरून थेट सातव्यावर उडी मारतात. मोजलं, साठवलं, पीडीएफ काढली. पाचवं डेमोमध्ये चांगलं दिसत नाही ना!

हे नुसतं वैतागून म्हणत नाहीये. ब्लू बेल या अमेरिकन आइस्क्रीम कंपनीचं प्रकरण बघा. अन्नकारखान्यात 'एन्व्हायर्न्मेंटल मॉनिटरिंग' म्हणजे फक्त तापमान नव्हे. जमीन, गटारं, यंत्रं यांवर बोळे फिरवून जंतू तपासणं हाही त्याचाच भाग. या कंपनीच्या ओक्लाहोमातल्या कारखान्यात २०१३ पासून अशा चाचण्यांत लिस्टेरिया पुन्हा पुन्हा सापडत होता. म्हणजे मोजमाप चालू होतं आणि ते खरं बोलतही होतं. पण तो जंतू आइस्क्रीमपर्यंत पोचलाय का, याचा नीट छडा लावला गेला नाही. २०१५ मध्ये कंपनीला सगळाच माल बाजारातून परत घ्यावा लागला. एकूण १० जण आजारी पडले, त्यातले ३ दगावले. (ते तीन मृत्यू टेक्सासच्या कारखान्यातल्या मालाशी जोडले गेले, ओक्लाहोमाच्या नव्हे. म्हणजे भोक एकाच ठिकाणी नव्हतं.) २०२० मध्ये कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि १.७२५ कोटी डॉलर्स दंड भरला. त्याआधी २०१९ मध्ये एका भागधारकाच्या दाव्यात डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला मुद्दा तर मला फारच बोलका वाटतो. अन्नसुरक्षेवर लक्ष ठेवणारी समितीच संचालक मंडळात नव्हती, असा आरोप होता, आणि कोर्टाने दावा पुढे चालू दिला. फक्त आइस्क्रीम बनवणारी कंपनी बरं का ही!

तिथे आणखी दोनशे सेन्सर लावून काय फरक पडला असता?

आता तुम्ही म्हणाल, काहीच नसण्यापेक्षा बरं ना? एका मर्यादेपर्यंत, हो. रजिस्टरमध्ये दर दोन तासांनी '४, ४, ४, ४' असं एकाच पेनने, एकाच बैठकीत लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. सेन्सर ही थाप मारत नाही, हे शंभर टक्के मान्य. पण रजिस्टर भरणारा माणूस निदान अधूनमधून दार उघडायचा. रबर फाटलंय, कॉइलवर बर्फ साठलाय, कच्चं चिकन शिजलेल्या भाजीच्या वरच्या फळीवर ठेवलंय, हे त्याला दिसायचं. सेन्सर आला की तो दार उघडणंही बंद करतो.

आणि सेन्सर लावायचाच तर निदान धड लावा हो! कोल्ड रूमच्या भिंती पत्र्याच्या, त्यात वायफाय गुदमरतं. वीज गेली की फ्रीज बंद पडतो आणि त्याच क्षणी राउटरही. म्हणजे जेव्हा डेटा हवा नेमका तेव्हाच ग्राफमध्ये भोक. सेन्सरला स्वतःची मेमरी आणि राउटरला यूपीएस, एवढं साधं कलम त्या बावीस पानांत नव्हतं. डीफ्रॉस्टच्या वेळी आतली हवा थोडा वेळ तापते, तेव्हा रोज खोटा अलार्म. आठवड्याभरात ग्रुप म्यूट. हवेऐवजी ग्लायकॉलच्या बाटलीत बुडवलेला सेन्सर अन्नाच्या तापमानाच्या जास्त जवळ जातो, पण ही बाटली चकचकीत दिसत नाही. आणि हे सगळं बिलिंगच्याच नेटवर्कवर जोडून देणारे महाभाग वेगळेच! २०१३ मध्ये अमेरिकेत टार्गेटच्या दुकानांतून ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हा चोर आत शिरले ते रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या कंत्राटदाराचा पासवर्ड वापरून.

मला आवडणारं डिझाइन आपल्यापेक्षा कितीतरी जुनं आहे. डेअरीत दूध ७२ अंशांना १५ सेकंद तापवतात. तापमान त्याखाली घसरलं की एक व्हॉल्व्ह आपोआप दूध मागे फिरवतो. ना मेसेज, ना डॅशबोर्ड, ना 'संबंधित'. कच्चं राहिलेलं दूध पुढे जाऊच शकत नाही. मोजणं आणि कृती यांच्यामध्ये झोपलेला मालक नाही.

किचनमध्ये असा व्हॉल्व्ह बसवता येत नाही, मान्य. तिथे व्हॉल्व्हचं काम माणसालाच करावं लागतं, आणि त्यासाठी त्याच्या हातात अधिकार लागतो. पाच अंशांच्या वर किती वेळ गेला की माल फेकायचा हे आधीच ठरलेलं हवं. आणि फेकल्याबद्दल त्याच्या पगारातून पैसे कापले जाणार नाहीत हे लेखी हवं. कारण आज तो सुपरवायझर गप्प बसतो ते तापमान कळत नाही म्हणून नव्हे. चाळीस किलो पनीर फेकून सकाळी मालकासमोर उभं राहायची भीती वाटते म्हणून.

मित्राला मी एवढंच म्हटलं की कोटेशनवर सही करण्याआधी एक कागद घे आणि प्रत्येक फ्रीजसमोर रात्रपाळीच्या माणसाचं नाव लिही. मग त्या नावापुढे तो कुणालाही न विचारता किती रुपयांचा माल फेकू शकतो ते लिही. नावं त्याने पाच मिनिटांत लिहिली. रकमेचा रकाना आज तीन आठवडे झाले, रिकामा आहे.