पहिल्या नंबरासाठी नव्हे, दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी

निवृत्तीची रक्कम हाती येण्याआधीच आपल्या घरांत तिचे वाटे ठरलेले असतात. हज, लेकीचे लग्न, घरावर एक मजला. या खर्चांवर आमचे काही म्हणणे नाही, ते हक्काचे आहेत. पण विद्यापीठात किंवा महाविद्यालयात आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या आपल्या वाचकांपुढे या महिन्यात आणखी एक वाटा मांडायचा आहे. निमित्त आहे प्रा. राम ताकवले यांच्या आठवणीचे.

नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली ते स्थापन झाले आणि ताकवले सर त्याचे पहिले कुलगुरू झाले. मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपद सांभाळून झालेले. पुढे ते दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. २०२३ मध्ये ते गेले. एवढा मान मिळालेल्या माणसाने नाशिकला येऊन जे विद्यापीठ उभारायला घेतले, त्यात रोज भरणारे वर्ग नव्हते. विद्यार्थ्याने विद्यापीठाकडे यायचे नाही, विद्यापीठाने त्याच्या गावाकडे जायचे. गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे, सुट्टीच्या दिवशी मार्गदर्शन, आणि शिक्षक समोर नसतानाही वाचून समजतील अशी मराठी पुस्तके. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद त्यातूनच आले. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम होता. तो पार केला की पदवीचे दार उघडायचे.

हे दार आपल्या घरांसाठी काय होते, ते वेगळे सांगायला नको. जुन्या नाशकात, वडाळ्यात, मालेगावात दहावीनंतर निकाह झालेल्या मुली घराघरांत आहेत. लूमवर पाळी करणारी मुलेही आहेत. रोज कॉलेजात जाणे त्यांना जमणारे नव्हते. घरी बसून शिकणे जमणारे होते. पोरांना झोपवून रात्री पुस्तक उघडणारी बाई ही या विद्यापीठाची खरी विद्यार्थिनी. तिला कुणी ‘आता या वयात?’ म्हणून टोकले, तरी नाव नोंदवायला तिला वयाची आडकाठी नव्हती.

मात्र या विद्यार्थिनीचे शिक्षण तुटते ते बहुधा परीक्षेत नव्हे, फीच्या वेळी. रक्कम नेहमीच्या कॉलेजांच्या मानाने लहान वाटते. पण त्याच महिन्यात मुलांची फी येते, सासऱ्यांचे औषध येते, आणि अम्मीचे पुस्तक मागे पडते. परीक्षाकेंद्राला जायचे बसभाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब तर कुणी करतच नाही.

आणि आपल्याकडे शिष्यवृत्त्या कशा असतात? अमुक यांच्या स्मरणार्थ, विषयात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास. समारंभ होतो, फोटो निघतो. आमचा त्याला विरोध नाही, पण निकालानंतर मिळणारे बक्षीस परीक्षेपर्यंत न पोहोचलेल्या विद्यार्थिनीच्या काय कामाचे? ताकवले सरांची आठवण ठेवायची तर दुसऱ्या वर्षाची फी भरायला न आलेल्यांची फी भरावी, असे आम्हाला वाटते. असे विद्यार्थी कोण, हे निवृत्त माणसांइतके दुसऱ्या कुणाला कळणार? प्रवेशाच्या खिडकीवर बसलेला क्लार्क, केंद्रावर शिकवलेल्या मॅडम, पुस्तकांचे गठ्ठे वाटलेला शिपाई. कुठली नावे दुसऱ्या वर्षाच्या यादीत दिसली नाहीत, ते यांच्या ध्यानात राहते. पैशाच्या आधी ही ओळख कामाला येते.

आता आपल्या मनातली अडचण. कायमस्वरूपी शिष्यवृत्तीसाठी बहुतेक संस्था मूळ रक्कम बँकेत ठेवतात आणि दरवर्षी व्याजातून वाटप करतात. अनेकांचे पाऊल इथेच अडते, आणि हा संकोच आम्ही हलका मानत नाही. पण त्यापायी काम सोडून देण्याची गरज नाही. मूळ राखून त्याचे उत्पन्न खैरात करायचे, ही वक्फची रीत आपल्याकडे हजरत उमर (रजि.) यांच्या खैबरच्या जमिनीपासून चालत आली आहे. कुणाकडे दुकानाचा गाळा असेल तर त्याच्या भाड्यातला एक हिस्सा बांधून द्यावा. ते जमत नसेल तर सात-आठ निवृत्त मंडळींनी एकत्र येऊन प्रत्येकी एका विद्यार्थ्याची पदवी पूर्ण होईपर्यंतची फी उचलावी. ठेव नको, व्याज नको, समारंभही नको.

जकातीचा हिशेब वेगळा ठेवावा. हनफी मसल्यानुसार जकात हकदाराच्या मालकीत जावी लागते. म्हणून ती इमारतीला लागत नाही, पण गरजू विद्यार्थिनीच्या हातात देता येते. बारकावे आपल्या आलिमांना विचारून घ्यावेत. सरांच्या नावाने जे काढाल ते मात्र नफ्ल सदक्यातून काढा आणि सर्वांसाठी ठेवा. आदिवासी पाड्यावरचा मुलगा असो की भद्रकालीतली सून, त्या विद्यापीठाने प्रवेश देताना कुणाचा मजहब पाहिला नाही. इल्म देऊन गेलेल्याचे सवाब मरणानंतरही थांबत नाही, हे आपण मुलांना शिकवतो. त्या इल्मसाठी एखाद्याची फी भरणेही त्याच खात्यात जमा होईल, अशी उमेद ठेवायला हरकत नाही.

प्रवेशाचे नियम आणि फी वेळोवेळी बदलतात. म्हणून आधी जवळच्या अभ्यासकेंद्रात जाऊन या वर्षीचे माहितीपत्रक मागा, आणि निघण्यापूर्वी एवढेच विचारा : गेल्या वर्षीचे कितीजण अजून आलेले नाहीत?