‘दोस्तासाठी पायजे होती’



ताकदीच्या गोळ्यांवर सरसकट बंदी मागणारे पत्र वाचले. दारव्ह्यात ३० वर्षे औषधाचे दुकान चालवले, म्हणून लिहितो.

या गोळ्यांतले सिल्डेनाफिल विष नाही. हृदयशूळावर तपासताना त्याचा लैंगिक दुर्बलतेवरचा गुण कळला आणि १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. पण गिऱ्हाईक गर्दी ओसरेपर्यंत थांबते आणि हळूच म्हणते, ‘भाऊ, दोस्तासाठी पायजे होती.’ त्या दोस्ताला छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवावी लागते का, हे कोण सांगणार? दोन्ही पोटात गेल्या तर रक्तदाब एकदम कोसळतो, जीवही जाऊ शकतो. याच कामाच्या टॅडालाफिलचा अंमल तर दीड दिवस राहतो.

पत्रलेखकांना भरवशाची वाटणारी ‘जडीबुटी’? अशा पुड्यांत हेच सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेले अनेकदा सापडले आहे. मात्रा किती, देव जाणे!

शिवाय लैंगिक दुर्बलतेची ही तक्रार पुष्कळदा मधुमेहाची वा हृदयविकाराची पहिली चाहूल असते. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साखर, रक्तदाब तपासून घेता येतो. तिथे मात्र दोस्ताचे नाव सांगून भागत नाही.

— एक निवृत्त औषधविक्रेता, दारव्हा (जि. यवतमाळ)